‘मुकाम’चे ‘मुकार्य’ होते तेव्हा

एखाद्या ग्रंथाच्या संपादकाला ‘काम’ हा शब्द सर्वत्र ‘कार्य’ असा करायचा आहे. संगणकातील ‘शोधा आणि बदला’ या सोयीने ते क्षणात होते. पण त्याबरोबर ‘कामगार’चे ‘कार्यगार’ आणि ‘मुकाम’चे ‘मुकार्य’ही होते. संगणक शब्द पाहत नाही, चिन्हांची ओळ पाहतो.

कोणता ‘काम’ हवा हे नेमके सांगण्याची सांकेतिक भाषा म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. तिची मूळ कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी तिच्या साहाय्याने मजकूर शोधण्याची रीत मांडली. या भाषेत टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह, उभी रेघ म्हणजे ‘किंवा’, आणि चौकटी कंस म्हणजे आतल्यांपैकी एक. ‘[पफ]ळ’ लिहिले की ‘पळ’ आणि ‘फळ’ दोन्ही सापडतात. शब्दाची सीमा दाखवणारी खूणही आहे.

मराठीची अडचण या खुणेपाशी सुरू होते. पायथन भाषेसोबत मिळणारी शोधसुविधा काना, वेलांटी, उकार यांना शब्दातील अक्षरे मानत नाही. तिच्या लेखी ‘मराठी’ म्हणजे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे. त्यामुळे सीमाखूण लावल्यावर ‘कामगार’ वाचतो; ‘मुकाम’ मात्र बिघडतोच, कारण उकारानंतर नवा शब्द सुरू झाला असे ती समजते.

उपाय असा : सीमाखुणेऐवजी ‘मागे किंवा पुढे देवनागरी चिन्ह नसावे’ अशी अट घालावी. युनिकोडमधील देवनागरी विभागाच्या १२८ जागा एकाच चौकटी कंसात पल्ला म्हणून देता येतात. आता ‘मुकाम’ सुरक्षित राहतो, पण ‘कामाला’, ‘कामात’ हेही सुटतात. तेव्हा सामान्यरूप आणि प्रत्यय आपणच सांगायचे : ‘कामा(ला|ने|त|चा|च्या)’. कंसात सापडलेला प्रत्यय ‘कार्या’पुढे तसाच ठेवता येतो.

हा साचा रचायला व्याकरण जाणणारा माणूस लागतो. नुसता प्रोग्रामर पुरत नाही. आणि साचा निर्दोष असला तरी ‘काम, क्रोध, लोभ’ या ओळीत तो ‘कार्य, क्रोध, लोभ’ करील. सीमा नियमाने कळते, अर्थ कळत नाही. म्हणून ‘सर्व बदला’ ही कळ दाबण्यापूर्वी सापडलेली प्रत्येक जागा वाचून पाहावी.