बोरूच्या टोकाएवढा ठिपका

आइंडहोवनकर मंडळी, लायडनला गेलात तर लक्षात असू द्या: तिथल्या विद्यापीठाकडे लेविनुस वार्नरची सुमारे १,००० हस्तलिखितं आहेत. डचांचा वकील म्हणून काम करणाऱ्या आणि १६६५ मध्ये इस्तंबूलला वारलेल्या या जर्मन माणसाचा ठेवा!

त्यांतल्या अरबी लिपीच्या वळणदार अक्षरांमागे चक्क मोजमाप असतं. त्याचं श्रेय दहाव्या शतकातला बगदादचा वजीर इब्न मुक्ला याला देतात. बोरूचं तिरकं टोक कागदावर टेकवलं की शंकरपाळ्यासारखा ठिपका उमटतो. अलिफ या पहिल्या अक्षराची उंची अशा ठिपक्यांत मोजायची, अलिफ हाच व्यास धरून वर्तुळ काढायचं, बाकीची अक्षरं त्यावर बेतायची. बोरू जाड असो की बारीक, प्रमाण ढळत नाही. किती सुंदर!

आपले कलम, दौत, शाई, कागद हे शब्दही अरबी-फारसीतूनच आले. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच कागदावरून पडलंय.