दगडावरची नावे, अर्जातली माणसे

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, की भीमेच्या अलीकडे पेरणे फाट्याजवळ विजयस्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यातली बरीच नावे ‘नाक’ने संपतात. महार माणसाची ती त्या काळची ओळख. कंपनीने स्तंभ बांधला तो स्वतःच्या विजयाची आठवण म्हणून. शिवराम जानबा कांबळे यांनी त्यात आपल्या माणसांचा हक्क वाचला.

कांबळे पुण्याच्या लष्कर भागातले. मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिपाई होते, तिथल्या पोरांपुढे पुन्हा गावकीच उरली. १९०३ मध्ये सासवडला कांबळ्यांनी ५१ गावांतले महार एकत्र आणले आणि सरकारकडे अर्ज केला. १९१० मध्ये जेजुरीच्या परिषदेतून थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. मागणी साधी होती: आमच्या बापजाद्यांनी चाकरी केली, आम्हालाही लष्करात आणि पोलिसांत घ्या.

या दोन अर्जांच्या मधल्या काळात, १ जुलै १९०८ रोजी, त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. ते जेमतेम तीनेक वर्षे चालले. देवाला मुली वाहण्याच्या चालीवर त्यात कांबळ्यांनी टीका केली, तेव्हा शिवूबाई नावाच्या एका मुरळीने मासिकाला पत्र लिहिले. पत्र छापले गेले. पुढे कांबळ्यांच्याच एका सहकाऱ्याने तिच्याशी लग्न केले. समाजाच्या उण्या गोष्टीही त्यांनी झाकल्या नाहीत, म्हणून त्यांच्या अभिमानालाही वजन आहे.

कोरेगावच्या स्तंभाजवळ त्यांनी सभा भरवल्या. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे आले. पुढे १९२९ मध्ये पुण्यात पर्वतीचा मंदिरप्रवेश सत्याग्रह झाला, त्यातही कांबळे आघाडीवर होते.

इंग्रजांच्या विजयस्तंभाच्या आधाराने इंग्रजांकडेच दाद मागणे आज कुणाला खटकेल. पण ज्यांचे पराक्रम बखरींनी क्वचितच सांगितले, त्यांच्याजवळ लेखी पुरावा होता तो याच दगडावर.

अर्जांना यश उशिरा आले, तेही अर्धे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. कायमची महार रेजिमेंट १९४१ मध्ये स्थापन झाली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता.