अर्धी गोष्ट मैत्रिणीच्या हाती

लग्न झाले की मुलीचे माहेर सुटते, हे सगळेच म्हणतात. तिची मैत्रीणही सुटते, हे मात्र कोणी बोलून दाखवत नाही. कॉलेजात एका बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी एक निकाहनंतर महाडला जाते, दुसरी कुवेतला. वर्षभर फोन चालतात. मग मुले होतात, सासरच्या जबाबदाऱ्या वाढतात आणि शेवटी ईद मुबारकचा एक मेसेज तेवढा उरतो. माया आटलेली नसते. पण "कशी आहेस?" "अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे" याच्यापुढे बोलायला दोघींच्या मालकीचे असे काही उरलेले नसते.

मैत्री टिकायला दोघींचे मिळून एखादे काम असावे लागते, असे आम्हाला वाटते. मसाल्याचा धंदा, शिवणकाम, बचत गट अशी कामे आपल्या बायका मिळून करतातच. आज आम्ही अशा एका कामाविषयी लिहीत आहोत, ज्याला भांडवल म्हणून एक वही आणि एक पेन पुरते. ते म्हणजे दोघींनी मिळून गोष्ट लिहिणे. आणि तीही जादू, तिलिस्म आणि मोहब्बत असलेली अद्भुत प्रेमकथा.

खेळातून झालेली कादंबरी

पॅट्रिशिया रीडी आणि कॅरोलिन स्टीव्हरमर या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या दोन मैत्रिणी. दोघीही लेखिका, दोघींची स्वतंत्र पुस्तके आधीच निघालेली होती. रीडी यांना एलन कुशनर या दुसऱ्या एका लेखिकेकडून एक खेळ समजला. त्याचे नाव 'लेटर गेम', म्हणजे पत्रांचा खेळ. दोघींनी एकेक पात्र घ्यायचे आणि त्या पात्राच्या नावाने एकमेकींना पत्रे लिहायची. महत्त्वाचा नियम एकच: पुढे काय घडवायचे आपल्या मनात आहे, ते दुसरीला सांगायचे नाही.

दोघी खेळायला बसल्या. रीडी झाल्या सेसीलिया आणि स्टीव्हरमर झाल्या केट. या दोघी नात्याने बहिणी, काळ 1817 चा आणि देश इंग्लंड. पण हे इंग्लंड इतिहासाच्या पुस्तकातले नाही. इथे जादू ही वकिली किंवा वैद्यकीसारखी राजमान्य विद्या आहे आणि जादूगारांचे शाही महाविद्यालयही आहे. केटला लग्नाच्या मोसमासाठी लंडनला नेले जाते. तिथे मेजवान्या, नाच, नवे कपडे आणि चांगले स्थळ मिळेल या आशेने धावपळ करणारी मोठी माणसे. सेसीलिया मागे खेड्यात राहते. म्हणून पत्रे.

लंडनमध्ये केट एका समारंभातून चुकून एका छोट्या दारातून आत शिरते आणि एका बागेत पोहोचते. तिथे बसलेली बाई तिला निळ्या किटलीतून गरम चॉकलेट ओतून देते. ते कपड्यावर सांडते तेव्हा कापड जळून जाते. ते जहर असते आणि ते केटसाठी नव्हे, तर वेश पालटून येणाऱ्या कुणा दुसऱ्यासाठी ठेवलेले असते. तो दुसरा म्हणजे थॉमस नावाचा एक तऱ्हेवाईक उमराव. इकडे खेड्यात सेसीलियाला दिसते की जेम्स नावाचा एक तरुण झाडाझुडपांआडून कुणावर तरी नजर ठेवून आहे. लंडनचे कोडे आणि खेड्यातले कोडे एकच आहे, हे पत्रागणिक उलगडत जाते. थॉमस आणि केटची मंगनी आधी निव्वळ सोयीसाठी जाहीर होते, पण मने जुळत जातात. सेसीलिया आणि जेम्सची भांडणेही शेवटी निकाहापर्यंतच, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या लग्नापर्यंत पोहोचतात.

दोघी मैत्रिणींनी हे सारे खेळ म्हणून लिहिले होते. पत्रे साठत गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आले की हातात एक कादंबरी तयार झाली आहे. मग त्यांनी एकत्र बसून ती साफसूफ केली. जे धागे कुठेच गेले नव्हते ते कापले, जे अर्धवट होते ते जोडले. 1988 मध्ये 'सॉर्सरी अँड सेसीलिया' या नावाने ते पुस्तक दोघींच्या नावावर निघाले. 2003 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि पाठोपाठ 2004 व 2006 मध्ये पुढचे दोन भाग.

दुसऱ्या भागात दोन्ही जोडपी एकत्र प्रवासाला निघतात. एकाच गाडीत बसलेल्या बहिणी एकमेकींना पत्रे कशाला लिहितील? म्हणून त्या भागात केटची रोजनिशी आणि सेसीलियाची साक्ष अशी मांडणी आहे. तिसऱ्या भागात संसार वेगवेगळ्या गावी आहेत, तेव्हा पत्रे परत येतात आणि आता नवरेही एकमेकांना लिहू लागतात. पात्रांचे आयुष्य बदलले तशी लिहिण्याची तऱ्हा बदलली, पण भागीदारी टिकली.

न सांगण्यातला विश्वास

या खेळाची सगळी ताकद त्या एका नियमात आहे. पुढचे सांगायचे नाही, म्हणजे आपली अर्धी गोष्ट दुसरीच्या स्वाधीन करायची. आपण एक माणूस भला म्हणून रंगवला आणि पुढच्या पत्रात मैत्रिणीने त्याला लबाड ठरवले, तर तक्रार चालत नाही. तिने जे लिहिले ते घडले, असे मानून पुढे जायचे. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली की ती जपायची. इथे तर वाढवून परत द्यायची.

शिवाय प्रत्येकीचा मुलूख वेगळा राहतो. लंडन एकीचे, खेडे दुसरीचे. थॉमस एकीचा, जेम्स दुसरीचा. त्यामुळे एकीने दुसरीच्या पात्राच्या तोंडी शब्द कोंबले, अशी कुरबूर होत नाही. सामायिक असते ते फक्त संकट. आम्हाला वाटते, एका अंगणात दोन चुली सुखाने नांदतात त्याही याच हिशेबाने.

आपल्या दास्तानींचे काय?

अद्भुत प्रेमकथा ही पश्चिमेकडून आलेली चीज आहे, असे कुणी समजू नये. उर्दूतली 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही अवाढव्य दास्तान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लखनौच्या नवल किशोर प्रेसने खंडाखंडांत छापली. जादूचे मुलूख, अय्यारांच्या करामती, शहजादे-शहजाद्यांचे इश्क, सगळे त्यात आहे. तीही एकट्याची नाही. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे आणि त्यापुढचे अहमद हुसैन क़मर यांचे. मात्र ही भागीदारी नव्हती. जाह यांनी प्रेस सोडल्यावर त्यांचे अर्धे राहिलेले काम क़मर यांच्या हाती आले. एकाने ठेवले, दुसऱ्याने उचलले. मिळून लिहिणे आणि मागून लिहिणे यातला फरक इथे दिसतो.

बायकांनी कल्पनेच्या भराऱ्या माराव्यात का, या प्रश्नालाही उत्तर मिळून शंभराहून अधिक वर्षे झाली. बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा 1905 मध्ये मद्रासच्या एका महिला मासिकात आली. त्यात बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून चालणाऱ्या गाडीत बसतात आणि पुरुष मर्दान्यात राहतात. पडद्यात वाढलेल्या, घरातच भावाकडून चोरून इंग्रजी शिकलेल्या एका मुस्लिम बाईने हे लिहिले.

मोठ्यांची शंका

तरीही मुलगी वहीत प्रेमकथा लिहिते आहे असे कळले की अम्मी-अब्बांच्या कपाळावर आठी पडते. ती आठी आम्ही समजू शकतो. पण दोघी मिळून लिहितात तेव्हा प्रत्येक ओळ कुणीतरी वाचणार आहे हे लिहिणारीला ठाऊक असते. जे मैत्रिणीला दाखवायला लाज वाटेल ते कागदावर येत नाही. केट आणि सेसीलियाच्या गोष्टीत मोहब्बत आहे, पण ती थट्टेत आहे, काळजीत आहे, संकटात एकमेकांसाठी उभे राहण्यात आहे. हे पुस्तक मायलेकींनी मिळून वाचावे असे आहे.

आणखी एक गोष्ट मोठ्यांनी ध्यानात घ्यावी. मुली प्रेमाबद्दल विचार करणारच. मोबाइलवरच्या मालिका त्यांना प्रेम म्हणजे काय ते रोज शिकवतातच. चांगला जोडीदार कसा असावा, कोणत्या माणसावर भरवसा ठेवावा, याचा विचार त्यांनी स्वतःच्या शब्दांत करावा हे जास्त बरे. पात्राचा नवरा निवडताना मुलगी आपली पारख घासून लख्ख करत असते.

सुरुवात कशी करावी

पत्र म्हणजे अर्धी भेट, ही म्हण आपल्या घरांना नवी नाही. कोकणातल्या कितीतरी घरांचे संसार आखाती देशांतून येणाऱ्या पत्रांवर चालले. तो हात अजून गेलेला नाही. समजा, एक मैत्रीण मुरूडची सकीना झाली आणि दुसरी औरंगाबादची ज़ीनत. काळ नवाब-निजामांचा. ज़ीनतला कळते की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीत, जिथे दूरच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी पाणी येते, तिथे सोडलेली चिठ्ठी तिसऱ्या दिवशी मुरूडच्या विहिरीत तरंगते. सकीना ती चिठ्ठी काढते तेव्हा समोर जंजिऱ्यावर एक दिवा लागतो, जो गावात दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. दिवा कोण लावते? ते सकीना ठरवील. चिठ्ठ्या अधूनमधून उघडून कोण वाचते? ते ज़ीनत ठरवील. दोघींनाही उत्तर आधी माहीत नको.

काही साधे नियम पाळावेत. पत्र किती दिवसांत द्यायचे ते ठरवावे, आठवडा पुरे. पत्र वहीत लिहून फोटो पाठवला तरी चालेल. प्रत्येक पत्रात मैत्रिणीच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि एक नवा प्रश्न सोडावा. दुसरीचे पात्र मारू नये, त्याचे लग्नही परस्पर लावू नये. आजारपण, परीक्षा, बाळंतपण आले तर गोष्ट थांबू द्यावी. पात्रे वाट पाहतात. शेवटी मात्र दोघींनी एकत्र बसून सगळे मोठ्याने वाचावे आणि कापावे. कापताना आपल्या पत्रांपासून सुरुवात करावी.

लिहून ठेवावे

मैत्रीत हिशेब कशाला, असे आपण म्हणतो आणि पुढे त्यावरूनच मैत्री तुटते. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत. आपसांतल्या व्यवहाराला अल्लाहने इतके महत्त्व दिले, तर आपण ते संकोचाने टाळू नये.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची सोय आहे. ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, ती संयुक्त कृती. तिचा हक्क दोघांपैकी जो शेवटी वारेल त्याच्यानंतर 60 वर्षे चालतो. पत्रांच्या गोष्टीत मात्र कोणते पत्र कुणाचे हे ओळखता येते, म्हणून वाद टाळायचा तर कागद हवाच. हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण तो मालमत्तेसारखा वारसांकडे जातो. उद्या एकीची मुले आणि दुसरीची मुले समोरासमोर येतील तेव्हा त्यांना आपल्या आयांचे बोलणे आठवणार नाही, कागद दिसेल.

कागदावर चार गोष्टी पुरेत. नावे कोणत्या क्रमाने छापायची. मानधन कसे वाटायचे. एकीने मध्येच सोडले तर दुसरीला गोष्ट पुरी करता येईल का. आणि एकीला पुढचा भाग लिहायचा असला तर दुसरीची परवानगी हवी का. खाली दोघींच्या सह्या आणि तारीख.

सगळ्याच गोष्टींचे पुस्तक होणार नाही. बहुतेक वह्या कपाटातच राहतील. पण महाडच्या स्वयंपाकघरात भाकरी थापताना एखादीच्या मनात येईल, कुवेतवालीने त्या दिव्याचे काय केले असेल? आणि संध्याकाळी ती फोन उचलेल तेव्हा "कशी आहेस?" च्या आधी विचारील, "अगं, ती चिठ्ठी कुणी उघडली?"

ज्यांच्या मनात अशी मैत्रीण असेल, त्यांनी पहिले पत्र लिहायला घ्यावे. पहिल्या भागाची दोन-चार पत्रे आमच्याकडे पाठवली, तर आम्ही ती आनंदाने वाचू.