सव्वाचारचा सूर्यास्त
नोव्हेंबरात घड्याळ तासभर मागे जातं; डिसेंबरात बॉस्टनला सव्वाचारलाच सूर्य मावळतो. उगाच उदास वाटतं, उठावंसं वाटत नाही? मंडळी, हा आळस नव्हे. १९८४ मध्ये डॉ. नॉर्मन रोझेंथल यांनी या हिवाळी नैराश्याचं वर्णन केलं. उजेड कमी पडणं हे त्यामागचं मोठं कारण. ढगाळ दुपारीही बाहेर घरापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. तिकडे रविवारी सिंहगड चढायचात ना? मग १ जानेवारीला आईबाबांना, मुलांना घेऊन निघा. १९९२ साली मॅसॅच्युसेट्सच्या ब्लू हिल्समध्ये सुरू झालेली नववर्षदिनाची भटकंती आता पन्नासही राज्यांत होते. सुती कपडे घामाने भिजून गारठवतात, लोकरीचे घाला. थर्मासात आल्याचा चहा असू द्या. आणि उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांशी जरूर बोला.