टाकळा : ओळख, लागवड व आहारातील उपयोग

मृगाच्या सरी कोसळल्या की पडीक जमिनीत, बांधावर व रस्त्याच्या कडेला टाकळ्याची रोपे दाटीने उगवतात. गोव्यात या भाजीस तायकिळो म्हणतात. संस्कृतातील तिचे नाव चक्रमर्द, म्हणजे गजकर्णाच्या चक्राकार चट्ट्यांचे मर्दन करणारी. पावसाच्या आरंभी मळ्यातील पालेभाजी दुर्मिळ व महाग होते, त्या वेळी ही भाजी विनामूल्य हाती येते.

ओळख : टाकळ्यासारखाच कासविंदा शेजारी उगवतो. दोन्हींच्या चुरगळलेल्या पाल्यास उग्र दर्प येतो. म्हणून वासावर विसंबू नये. टाकळ्याच्या पानास पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असतात व पर्णिका टोकाशी रुंद, गोलसर असते. कासविंद्यास चार ते सहा जोड्या असून पर्णिका टोकदार असतात. टाकळ्याची शेंग लांब, बारीक व वाकडी, तर कासविंद्याची चपटी असते. हा भेद महत्त्वाचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशातील लहान मुलांच्या जीवघेण्या आजाराचे कारण कासविंद्याची विषबाधा असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. मुलांनी खेळताना अशा शेंगा वा बिया तोंडात घालू नयेत, याची दक्षता पालकांनी घ्यावी.

लागवड : मार्गशीर्षाच्या सुमारास वाळलेल्या शेंगांतून बी काढून कोरडे ठेवावे. बियांचे कवच कठीण असल्याने पेरणीपूर्वी त्या वाळूत घासून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. परसात पाण्याचा निचरा होईल अशा जागी पहिल्या पावसाबरोबर पेराव्यात. शेंडे खुडत राहिल्यास फांद्या फुटून कोवळा पाला अधिक मिळतो. बियाण्यासाठी चार-दोन झाडे राखून ठेवावीत.

आहार : फुले येण्यापूर्वीचा कोवळा पालाच खुडावा, जून पाला कडवट लागतो. तो धुऊन, बारीक चिरून, फणसाच्या आठळ्या, कांदा व हिरवी मिरची यांसह शिजवावा व वरून ओले खोबरे घालावे. तणनाशक फवारलेल्या अथवा वर्दळीच्या रस्त्यालगतचा पाला घेऊ नये.

शिक्षकांनी टाकळा व कासविंदा यांची रोपे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांस दाखवावीत. ग्रामसेवक व कृषी सहाय्यकांनी गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या साहाय्याने अशी ओळख करून द्यावी. ही ओळख पुढील पिढीस मिळाली, तरच दारची ही भाजी निर्धास्तपणे ताटात येत राहील.