साधी रेषा व वळणांची रेषा

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा प्रदेश. दिवाळीच्या सुमारास तेथील शेतांत वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधून वाकलेल्या स्त्रीचे चित्र बाजूने काढावयाचे झाल्यास तिच्या दोन बाह्यरेषांतील भेद प्रथम पाहावा. पाठ ताणलेली असते. म्हणून मानेपासून कमरेपर्यंत ती एकाच लांब, साध्या रेषेने दाखविता येते. पुढची बाजू मात्र दबलेली असते. तेथे पदराच्या चुण्या, फुगलेली ओटी, कोपर, बोंडांत शिरलेली बोटे, अशी रेषा पदोपदी वळते. नवशिका चित्रकार दोन्ही बाजूंना सारखेच चढउतार देतो. मग माणसाऐवजी मण्यांची माळ दिसू लागते! शरीराची घडण तशी नसते. आपलाच पाय बाजूने पाहावा : पुढे नडगी जवळजवळ सरळ, तर मागे पोटरीचा फुगवटा.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चित्रात सुमारे १५०० वर्षांपूर्वी हाच विरोध साधलेला आहे. मुकुट बारीक नक्षीने भरलेला. भुवयांची व खांद्यांची रेषा मात्र संथ. साध्या रेषेवरून दृष्टी वेगाने सरकते, वळणांत रेंगाळते. वेचणाऱ्या स्त्रीच्या चित्रातही ती पाठीवरून उतरत येऊन बोटांपाशी थांबते. बोंडांची वाळलेली टोके त्या बोटांना दिवसभर टोचत असतात.