बटण दाबलं... आणि काहीच नाही!

हौसेनं असेंबल केलेला नवाकोरा पीसी चालूच होत नाहीये? पार्ट्स पुन्हा बॉक्समध्ये भरण्याआधी हे वाचा.

तीन महिने व्हिडिओ बघून झाले. मित्रांच्या ग्रुपवर पार्ट्सच्या लिस्टवरून भांडून झालं. लॅमिंग्टन रोडच्या चार दुकानांत भाव काढून झाले, ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन सेलमध्ये पकडलं. 'गेमिंगसाठी नाही, प्रोजेक्टसाठी हवाय' हे घरच्यांना कसंबसं पटवलं. रविवारी दुपारी डायनिंग टेबल अडवून सगळं जोडलं. आता घरचे सगळे गोळा झालेत, तुम्ही ऐटीत पॉवरचं बटण दाबता आणि... काहीच नाही. मागून बाबांचा आवाज येतोच, 'तरी सांगत होतो, रेडीमेड घे!'

सगळ्यात आधी एक दीर्घ श्वास घ्या. नव्यानं जोडलेला पीसी पहिल्या झटक्यात सुरू न होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. बहुतेक वेळा पार्ट खराब नसतो. एखादी वायर राहिलेली असते, नाहीतर काहीतरी अर्धवट बसलेलं असतं. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात. घाबरून सगळं एकदम उपसायला जावं, प्रोसेसर चारदा काढून घालावा आणि त्या नादात सॉकेटमधली पिन वाकावी. मग चांगला असलेला बोर्ड खरोखरच जातो आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. साठ-सत्तर हजारांचा मामला आहे. म्हणून हात लावण्याआधी डोकं लावायचं.

गाडी कुठल्या स्टेशनवर अडली?

बटण दाबल्यापासून स्क्रीनवर काही दिसेपर्यंत पीसी स्वतःची एक परीक्षा घेतो. तिचं नाव 'पॉवर ऑन सेल्फ टेस्ट', म्हणजेच 'पोस्ट'. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्येही ती होती. सगळं ठीक असेल तर तो एकदाच छोटा 'बीप' द्यायचा. आजचा पीसीही साधारण त्याच वाटेनं जातो. आधी एसएमपीएसकडून वीज येते, मग प्रोसेसर जागा होतो, मग रॅम तपासली जाते, मग ग्राफिक्स आणि शेवटी ज्यात विंडोज आहे ती डिस्क शोधली जाते.

लोकल अडकली की आपण आधी काय विचारतो? 'कुठे अडकलीये?' इथेही तेच. 'चालू होत नाही' हे वाक्य फार मोघम आहे. कुठपर्यंत पोहोचतो आणि कुठे थांबतो हे बघितलं की दहातली आठ कारणं आपोआप बाद होतात.

बऱ्याच मदरबोर्डवर यासाठी चार बारीक दिवे असतात. त्यांच्या शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असं लिहिलेलं असतं. सुरू होताना हे दिवे एकामागून एक लागून विझतात. जो विझत नाही, तिथे गाडी अडली. आरजीबीच्या झगमगाटात हा बारीक दिवा दिसतच नाही, म्हणून खोलीतला लाइट बंद करून बघा. तुमच्या बोर्डवर हे दिवे नसतील, तर दुकानातून छोटा स्पीकर आणून बोर्डच्या स्पीकरच्या पिनांना लावा. किती बीप म्हणजे काय, हे त्या बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी असते.

केस पहिली : एकदम थंड

पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. अशा वेळी हसू येईल इतक्या साध्या गोष्टींपासून सुरुवात करा. एसएमपीएसच्या मागच्या बाजूला एक स्विच असतो, तो 'आय'च्या बाजूला दाबलाय ना? 'ओ' म्हणजे बंद. भिंतीतल्या त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. स्पाइक बस्टर आणि जुना यूपीएस सध्या बाजूला ठेवा, प्लग थेट भिंतीत लावा.

मग बोर्डकडे बघा. मागचा स्विच चालू केल्याबरोबर अनेक बोर्डांवर एखादा दिवा लागतो. तो लागला म्हणजे बोर्डपर्यंत थोडीतरी वीज पोहोचतेय आणि संशय बटणाकडे जातो. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची दोन पिनांची बारीक वायर बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात लावायची असते आणि नेमकी तीच चुकीच्या जागी जाते. तिथल्या पिनांवरची अक्षरं मुंगीएवढी, तेव्हा मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा. बटणाच्या वायरला उलटसुलट नसतं, कशीही लावली तरी चालते. दिव्यांच्या वायरींना मात्र प्लस-मायनस असतं. ते उलटं झालं तर फक्त दिवा लागत नाही.

बटणच बिघडलंय का, हे तपासायची मेकॅनिकांची युक्ती सोपी आहे. बटणाची वायर काढा आणि 'पॉवर स्विच'च्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर एकदम टेकवा. बटणही आतून हेच काम करतं. तिथला व्होल्टेज अगदी कमी असतो, पण दुसऱ्या पिनांना टोक लागू देऊ नका. पीसी सुरू झाला तर दोषी फक्त कॅबिनेटचं बटण.

तरीही थंडच असेल तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढून पुन्हा लावा. तो 'टक्' आवाज येईपर्यंत आत जायला हवा. नव्या बोर्डवर त्याला बऱ्यापैकी जोर लागतो.

केस दुसरी : पंखे फिरतात, स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त भेटणारा पेशंट हाच. इथे क्रम पाळा.

आधी मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड बसवलंय आणि एचडीएमआयची केबल मात्र वर, मदरबोर्डच्या पोर्टला लावलीये, असं कितीतरी वेळा होतं. ती खाली कार्डाच्या पोर्टला लावा. उलट बाजूही लक्षात ठेवा. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असायलाच हवं. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, जसं आय५-१२४००एफ, तर ते नसतं. रायझेन ५ ५६०० मध्ये नाही, पण ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराचा फरक, पण स्क्रीन काळीच राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोसेसरची स्वतंत्र वीज. बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, सॉकेटजवळ, आठ पिनांची जागा असते. कॅबिनेटमध्ये ती पंख्यामागे लपते आणि राहून जाते. ती नसेल तर पंखे फिरू शकतात, दिवे लागू शकतात, पण प्रोसेसर उपाशीच. या केबलवर 'सीपीयू' लिहिलेलं असतं आणि ती मधोमध चार-चार पिनांत सुटी होते. ग्राफिक्स कार्डची केबल सहा आणि दोन अशी सुटते. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी जोर लावून बसवायची नाही.

तिसरी रॅम. नवखे लोक रॅमला फार हळुवारपणे हाताळतात आणि ती अर्धीच बसते. प्लग काढा, रॅम बाहेर घ्या, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना समान जोर देऊन खटका बसेपर्यंत दाबा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक्स बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात, शेजारीशेजारी नाही. तरी नाही झालं तर एकच स्टिक लावून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी न केल्यानं होते. डीडीआर५ रॅमचा नवा पीसी, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटचा, पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घ्यायला वेळ घेतो. याला 'मेमरी ट्रेनिंग' म्हणतात. काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते आणि तुम्हाला वाटतं, गेला! तीस सेकंदांनी बंद करून पुन्हा चालू केलात तर बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. बटण दाबा, चहा टाका आणि दहा मिनिटांनी या.

एवढं करूनही सीपीयूचा दिवा विझत नसेल तर बोर्ड आणि प्रोसेसर यांचं जमतंय का ते बघा. २०२२ मध्ये आलेल्या बी६५० बोर्डवर २०२४ मध्ये आलेले रायझेन ९००० सिरीजचे प्रोसेसर बसतात. पण बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर त्यातल्या बायोसला हा नवा पाहुणा ओळखूच येत नाही. बोर्डच्या मागे 'बायोस फ्लॅशबॅक'सारखं बटण असेल तर पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं. नसेल तर जिथून बोर्ड घेतला त्या दुकानदाराला करून द्यायला सांगा.

केस तिसरी : येतो आणि जातो

सुरू होऊन लगेच बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. इथे शॉर्ट सर्किटचा संशय घ्या. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोटे पितळी स्टँडऑफ असतात. बोर्डला जिथे भोक नाही तिथे एखादा जास्तीचा स्टँडऑफ राहिला, किंवा एखादा स्क्रू बोर्डमागे सांडला, की झालं.

थोडा वेळ नीट चालून बंद होत असेल तर कूलर बघा. त्याच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायची राहिलीये का? चारही स्क्रू सारखे आवळलेत का? कूलरच्या पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच आहे ना?

आणि स्क्रीनवर बायोस दिसतंय, पण 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असा मेसेज येतोय? अभिनंदन! तुमचा पीसी जिवंत आहे. कोऱ्या एसएसडीवर विंडोज अजून टाकलंच नाहीये, एवढंच.

काहीच कळेना? सगळं बाहेर!

प्लग काढा आणि बोर्ड कॅबिनेटबाहेर घेऊन त्याच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सवर ठेवा. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस जोडा. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच लावा. मघाच्या स्क्रू ड्रायव्हरच्या युक्तीनं सुरू करा. बाहेर चालला आणि आत नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये. बाहेर चालला तर मग एकेक वस्तू वाढवत जा.

नियम एकच. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. रॅम, केबल आणि स्लॉट एकदम बदलले आणि पीसी सुरू झाला, तर कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही. आणि आठवड्यानं पुन्हा अडला तर तुम्ही पुन्हा शून्यावर.

हे अजिबात नको

• जुन्या किंवा मित्राच्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. तिथला कनेक्टर बसला तरी आतल्या वायरींचा क्रम कंपनीगणिक वेगळा असू शकतो. एका केबलमध्ये एसएसडीपासून बोर्डपर्यंत काहीही जळू शकतं.

• एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज उरतो.

• जुन्या एसएमपीएसवर ११५-२३० असा लाल स्विच असेल तर तो २३० वरच हवा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात.

• प्लग लावलेला असताना रॅम, कार्ड किंवा केबल काढू-घालू नका.

• कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर दुर्लक्ष करू नका. हॉस्टेल आणि पीजीच्या सॉकेटला अर्थिंग नसणं हे त्याचं नेहमीचं कारण. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

दुकानात जाताना

सगळं करून झालं आणि खरंच पार्ट खराब निघाला, तर ती वहीच तुमचं हत्यार. 'भैया, पीसी चालू नहीं हो रहा' म्हटलं की काउंटरवरून उत्तर येतं, 'तुम्हीच काहीतरी केलं असेल.' त्याऐवजी सांगा, 'दोन्ही रॅम एकेक करून चारही स्लॉटमध्ये लावल्या, दुसऱ्या पीसीत त्या चालतात, इथे डीरॅमचा दिवा विझत नाही.' समोरच्याचा सूर बदलतो.

बिल, बॉक्स आणि सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा. असेंबल केलेल्या पीसीत प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते आणि सगळा खेळ सिरीयल नंबरचा असतो. प्रोसेसर बसवण्यापूर्वी रिकाम्या सॉकेटचा जवळून एक स्पष्ट फोटो काढा. पिना सरळ होत्या याचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. बिल असून दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आणि हो, एकदा पीसी सुरू झाला की लगेच झाकण लावून रॅमचा स्पीड वाढवायला जाऊ नका. आधी विंडोज टाका, दोन दिवस वापरा, मग एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. त्यानंतर स्क्रीन काळी झाली तर प्लग काढून बोर्डवरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा, बहुतेक बोर्डांवर सेटिंग्ज मूळपदावर येतात.

एकदा हे सगळं निस्तरलंत की पुढे हॉस्टेलमध्ये कुणाचाही पीसी अडला तरी बोलावणं तुम्हालाच येणार. जा, भाव खा. फक्त गेल्या गेल्या आधी एसएमपीएसचा मागचा स्विच बघा.